सयांचा कोरा फोन

म्यानमारमधल्या मोन्युवाच्या बसस्टँडवर चहावाला आणि पानवाली यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मोबाइलचं एक दुकान आहे. पाटी अजून को थेट पाइंगच्या नावाची आहे. तो जाऊन चार वर्षं होत आली. साथीच्या त्या वर्षी त्याचा मेव्हणा प्राणवायूच्या नळकांड्यासाठी सकाळपासून रांगेत उभा राहिला आणि नळकांडं घेऊन घरी पोचला, तोवर इकडे सगळं आटोपलं होतं. दुकानात आता त्याची बायको बसते, मा यिन मार.

यिन मार मूळची शिंपीण. लग्नाच्या ब्लाउजांना तिच्याकडे गर्दी असायची. नवरा गेल्यावर तिने मशीन झाकून ठेवलं आणि दुकानाचं कुलूप काढलं. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. दुकान बंद दिसलं की लोक विचारत, "तो गेला ना?" आणि ते ऐकून घ्यायला तिला नको वाटायचं. सुई ओवायची सवय असलेल्या हातांना बारीक स्क्रू जड गेले नाहीत. बाकीचं काम ती नवऱ्याच्या वहीतून शिकली.

पहिला फोन तिने कोरा केला तो नवऱ्याचाच. वहीत लिहिलं होतं त्याप्रमाणे दोन बटणं एकदम दाबून धरली, खाली खाली गेली, पडद्यावर विचारलं त्याला "हो" म्हटलं. करून बघावं, एवढंच मनात होतं. फोन बंद होऊन चालू झाला आणि जगातल्या एकेका भाषेत नमस्कार करत बसला. अकरा वर्षांचे फोटो, त्याने रेकॉर्ड करून पाठवलेले निरोप, शेवटच्या आठवड्यात धापा टाकत बोललेला "पाणी आण गं", सगळं गेलं. त्या दिवशी ती रडली नाही. शटर ओढून घरी गेली, भात टाकला, जेवली. दुसऱ्या दिवशी येऊन वहीच्या पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी उतरवून घे. मग पूस.

तेव्हा तिला कल्पना नव्हती की पुढे तिच्या दुकानात हेच काम सर्वांत जास्त चालेल.

मंडालेच्या रस्त्यावर लष्कराच्या चौक्या बसल्या. बस थांबवायची, सगळ्यांना खाली उतरवायचं, एकेकाचा फोन हातात घ्यायचा. "उघड." कुणाच्या फोनात एक फोटो, कुणाच्या फोनात एक गाणं, कुणी कुणाच्या मजकुराखाली बदाम टाकलेला. तेवढ्यावर माणूस बाजूला उभा राहायचा आणि बस त्याच्याशिवाय पुढे जायची. मग लोक बस सुटायच्या आधी यिन मारच्या दुकानात यायला लागले. फोन पुढे करून म्हणायचे, "आंटी, जरा धुऊन द्या." ती समजायची.

सुरुवातीला ती नुसते कोरे करून द्यायची. एक दिवस कापडदुकानात काम करणारी एक पोर चौकीवरून परत आली, तिचा कान सुजून लाल झाला होता.

"काय झालं गं?"

"फोन बघितला आणि म्हणाला, एवढा स्वच्छ? कालच जन्मलीस का? आणि दिली ठेवून."

तेव्हापासून यिन मार फोन पुसून थांबत नसे. पुसलेल्या फोनात ती संसार मांडून द्यायची. म्हाताऱ्यांसाठी पॅगोडाचे फोटो, भिक्खूंची प्रवचनं, बुद्धिबळाचा खेळ. पोरींसाठी कोरियातल्या नटांचे चेहरे, गालांना लावायचा थानाखा कसा उगाळायचा त्याचे व्हिडिओ. व्यापाऱ्यांसाठी कांद्याचे आणि तिळाचे भाव. दोनचार फोटो मुद्दाम हललेले, एखादा नुसत्या पायाच्या अंगठ्याचा. माणसाच्या फोनात असला कचरा असतोच, तो नसला तरच डोळ्यात येतं. हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं.

आणि जे पुसायचं ते ती आधी छोट्या मेमरी कार्डावर उतरवून घ्यायची. कार्डं दुकानात ठेवायची नाहीत, घरी. जुन्या बटणांच्या डब्यात, बटणं टाचलेल्या पुठ्ठ्यांच्या मागे टाक्याने शिवून. नाव लिहायचं नाही, दोऱ्याचा रंग लक्षात ठेवायचा. हिरवा म्हणजे टायरवाल्याची सून. जांभळा म्हणजे कापडदुकानातली पोर. असे चाळीसेक रंग तिच्या डोक्यात होते.

उ बा खाइंग यांचा रंग पिवळा.

गावाने त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. सगळ्यांचे ते सया, म्हणजे गुरुजी. बत्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं, यिन मारलाही शिकवलं होतं आणि नापासही केलं होतं. वय सदुसष्ट. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. गावातलं रक्त शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं ते पुन्हा सुरू झालं नाही, तेव्हापासून सोमवार-गुरुवार मंडालेला जायचं, चार तास यंत्राला लावून घ्यायचं आणि संध्याकाळच्या बसने परत. सकाळी बस सुटायला वेळ असला की ते यिन मारच्या दुकानासमोरच्या स्टुलावर टेकत. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे चहा फक्त अर्धा कप.

त्यांना एकच मुलगी, हनिन सी. सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. एक दिवस कामावर गेली आणि जंगलात लढणाऱ्यांकडे निघून गेली, जखमींना टाके घालायला. तिथून कधीतरी, महिन्या-दीड महिन्याने, तिचा फोटो यायचा. सया तो यिन मारला दाखवायचे. इकडेतिकडे बघायचे आणि फोन पोटाशी धरून, तळहाताचा आडोसा करून दाखवायचे.

"बघ, वाळलीये ना?"

"सया, हे फोनमध्ये ठेवू नका हो."

"मग कुठे ठेवू? डोक्यात? आता डोक्यात काही राहत नाही पोरी. परवा नऊचा पाढा अडला."

"थट्टा नाही करत मी. चौकीवर—"

"चौकीवर म्हाताऱ्यांचे फोन बघत नाहीत. माझ्या हाताची ही गाठ बघतात, सुया टोचून टोचून झालेली. आणि नाक मुरडून म्हणतात, जा आजोबा."

हे खरंच होतं. वर्षभर कुणी त्यांचा फोन मागितला नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांच्याच गल्लीतला एक सुतार, सत्तरीचा, चौकीवर उतरवला गेला तो परत आलाच नाही. त्याच्या फोनात पुतण्याच्या लग्नाचा फोटो होता आणि त्या फोटोत मागे उभा असलेला कुणीतरी त्यांना हवा होता. बातमी कळली त्या दिवशी सयांच्या बायको, दॉ एय क्यू, स्वतः दुकानात आल्या. गुरुजींची बायको म्हणून सगळे त्यांना सयागदॉ म्हणत. बाई कमी बोलणाऱ्या, जवळ बटणांचा साधा फोन.

"यिन मार, गुरुवारी ते येतील तेव्हा त्यांचा फोन धुऊन टाक. त्यांनी नाही म्हटलं तरी."

"त्यांचं ऐकायचं नाही?"

"बेचाळीस वर्षं ऐकलं. आता तू ऐकू नकोस."

गुरुवारी सया आले. यिन मारने काही न विचारता हात पुढे केला. त्यांनी फोन दिला नाही. स्टुलावर बसले, चष्मा काढून लुंगीच्या टोकाने पुसला.

"सगळे जातील?"

"जाणार नाहीत. कार्डावर उतरवते. माझ्याकडे राहतील. पाहिजे तेव्हा या, बघा, जा."

"म्हणजे माझ्या मुलीला भेटायला तुझ्याकडे यायचं?"

"आता तरी कुठे घरी भेटते ती?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे नको होतं बोलायला. पण सया हसले. "गणितात नापास झालीस, पण बोलण्यात पास," म्हणाले आणि फोन दिला.

फोन जुना, गळ्यापर्यंत भरलेला. फोटो कार्डावर उतरवता उतरवताच तो गारठला, बोट लावलं तरी हलेना. उतरवणं कसंबसं पूर्ण झालं, पण सेटिंगमध्ये जाऊन पुसायचं म्हटलं तर पडदा दगडासारखा. बस सुटायला वीस मिनिटं होती. यिन मारने फोन बंद केला, दोन बटणं दाबून धरली, आणि सरळ मुळापासून कोरा केला.

असा कोरा केला की फोन चालू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. चोरीचा फोन चोराला वापरता येऊ नये म्हणून ही सोय. एरवी ती आधी खातं काढून मगच पुसायची. आज ते जमलं नव्हतं.

"सया, पासवर्ड?"

सयांनी खिशातली डायरी काढली. पासवर्ड हनिन सीने स्वतः लिहून ठेवला होता, तिच्या गोल अक्षरात. इंटरनेट त्या दिवशी गोगलगायीच्या चालीने चाललं होतं. टाकला पासवर्ड, चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि एकदाचा फोन उघडला. सगळं रिकामं. तिने भराभर सामान भरलं: पॅगोडा, प्रवचनं, बुद्धिबळ.

"बुद्धिबळ नको. मी हरतो."

"हरा की. बघणाऱ्याला बरं वाटेल."

बसवाला को न्यान टुन याने भोंगा वाजवला. परत वाजवला. "सया, यंत्र थांबेल, मी नाही थांबणार!" सया उठले, फोन खिशात टाकला, पायरी चढताना एकदा वळून म्हणाले, "पिवळा दोरा हं. विसरू नको." आणि बस गेली.

खातं काढायचं राहिलं. हे त्या क्षणी यिन मारच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या समोर दुसरा माणूस फोन धरून उभा होता.

संध्याकाळच्या बसमधून सया उतरले नाहीत. को न्यान टुन दुकानापाशी आला आणि पान थुंकून उभा राहिला. नेहमी मोठ्याने बोलणारा माणूस, आवाज खाली गेला होता.

"जातानाच घेतलं. यंत्रापर्यंत पोचलेच नाहीत."

"काय घेतलं? कुणाला?"

"सयांना. नेहमीच्या पुलाच्या चौकीवर नाही, अलीकडेच. आज नवीन चौकी लावली होती, चहाच्या थांब्यापासून दोन मैलांवर. पोरगा होता शिपाई, मिशीही फुटली नव्हती. फोन बघत बसला. मग सायबाला बोलावलं."

"फोनमध्ये काही नव्हतं, को न्यान टुन. मी माझ्या हाताने पुसलाय."

"मला काय ठाऊक? मी विचारू गेलो की साहेब, आजारी माणूस आहे, आज यंत्र लावायचंय. म्हणाला, तुलाही लावू का यंत्र?"

सयांचं काय होईल, हा विचार यिन मारच्या मनात आधी आला. ती पुढे आयुष्यभर स्वतःला हे बजावत राहिली की तोच आधी आला. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, तोही खरा. सयांना विचारतील, फोन कुणी धुतला? आणि सया खोटं बोलू शकत नाहीत. वर्गात एखाद्या पोराने चुकीच्या रीतीने उत्तर बरोबर आणलं तरी गुण न देणारा माणूस.

घरी जाऊन तिने दार लावलं. बटणांचा डबा काढला. चाळीस पुठ्ठे. कात्रीने एकेक टाका उसवला, एकेक कार्ड काढलं आणि कापलं. शिंप्याची मोठी कात्री, लग्नाच्या ब्लाउजांची. नखाएवढी कार्डं टकटक तुटून उडायची, ती गोळा करायची. हिरवा. जांभळा. टायरवाल्याच्या सुनेचं मेलेलं बाळ हिरव्यात होतं, तिला माहीत होतं. पिवळ्यापाशी हात थांबला. तो तिने बाजूला ठेवला, बाकीचे सगळे संपवले. मग पिवळाही कापला. सगळ्यांत जास्त धोका त्याचाच होता. तुकडे चुलीत टाकले, त्याचा असा वास सुटला की शेजारीण ओरडली, "काय जाळतेस गं?" "बटणं," ती म्हणाली.

कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. सयांनी तिचं नाव घेतलं नव्हतं, किंवा कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. ती रोज दुकान उघडायची आणि बोटांवर मोजायची. गुरुवार चुकला. सोमवार चुकला. पुन्हा गुरुवार. ज्याला आठवड्यातून दोनदा यंत्र लागतं त्याचे किती दिवस, हे मोजायला गणितात पास व्हावं लागत नाही. सयागदॉ रोज सकाळच्या बसने चौकीवर जायच्या, डबा घेऊन, औषधं घेऊन, दवाखान्याचे कागद घेऊन. उन्हात उभ्या राहायच्या आणि डबा तसाच घेऊन परत यायच्या.

आठव्या दिवशी त्यांना सांगण्यात आलं की हृदय बंद पडलं. अंत्यविधी उरकलाय म्हणाले. हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली: चष्मा, डायरी, फोन.

दोन दिवसांनी सयागदॉ दुकानात आल्या. त्याच स्टुलावर बसल्या. पिशवीतून फोन काढला.

"बघ जरा. मला यातलं काही कळत नाही. चालू केला तर नमस्कार नमस्कार करतोय."

यिन मारने बघितला. फोन कोरा होता. त्यांनी हवं ते काढून घेतलं असणार आणि पुसून परत दिला असणार. डायरीतल्या पासवर्डने खातं उघडून पाहिलं, तर पासवर्ड चालेना, बदललेला.

"यात काही नाही, सयागदॉ."

"असू दे. तुझ्याकडे कार्ड आहे ना? त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, पिवळा दोरा. हनिन सीचे सगळे, आणि त्यांचे पण असतील एखाददोन. घरात भिंतीवर लावायला त्यांचा फोटो नाहीये माझ्याकडे. पेन्शनच्या कागदावरचा आहे, त्यात ते चोरासारखे दिसतात."

"फोनवर कधी सांगितलं?" यिन मारने विचारलं, नुसता वेळ काढायला.

"त्या दिवशीच. चहाच्या थांब्यावरून फोन केला होता." सयागदॉ फोनच्या काळ्या पडद्यावर हात फिरवत होत्या, धूळ झटकावी तसा. "म्हणाले, यिन मारने सगळे पुसले आणि आता बघ, सगळे आपोआप परत आले. पहिल्यापासूनचे. शाळेत जातानाचे पण. इतके खूश होते. हनिन सीनेच म्हणे जायच्या आधी काहीतरी सोय करून दिली होती, बाबा, तुमचे फोटो कधी हरवणार नाहीत म्हणून. मी म्हटलं, काढा आधी. तर म्हणाले, पुलाच्या चौकीला अजून तास आहे, तासभर बघतो आणि काढतो."

चहावाल्याकडे कुणीतरी कपबश्या धूत होतं. यिन मारला तो आवाज फार मोठा ऐकू यायला लागला. खातं. मी खातं काढलं नाही. स्टँडवर इंटरनेट मेलेलं, म्हणून काही दिसलं नाही. रस्त्यात चांगली लाइन लागली आणि मुलीने जिथे साठवले होते तिथून सगळे फोटो धावत बापाच्या खिशात आले.

"हट्टी म्हातारा," सयागदॉ म्हणाल्या. "त्याने स्वतःच काहीतरी दाबून परत आणले असणार. आपोआप काय येतंय? तू एवढं केलंस त्याच्यासाठी आणि त्याने मातीत घातलं. मी त्याला कधी माफ करणार नाही."

आणि यिन मार गप्प बसली. तिला बोलायला वाट होती, जागा होती, समोर माणूस होतं. तिने एवढंच सांगितलं की भीतीने सगळी कार्डं कापली, पिवळंही. सयागदॉंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं." फोन पिशवीत घातला आणि गेल्या.

सात दिवसांचं पुण्यदान होतं तेव्हा यिन मार त्यांच्या घरी गेली. भिक्खू जेवून गेले होते. मोहिंगाची, माशाच्या रश्श्यातल्या शेवयांची, पातेली अंगणात उलटी घातली होती, बायका उरलेलं आवरत होत्या. भिंतीवर पेन्शनच्या कागदावरचा फोटो मोठा करून लावला होता. खरंच चोरासारखे दिसत होते. सयागदॉ मागच्या दाराशी एकट्या बसल्या होत्या. यिन मार त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि सांगून टाकलं. यंत्रासारखं सांगितलं, पहिल्यापासून: फोन गारठला, बटणांनी कोरा केला, पासवर्ड टाकला, खातं राहिलं, म्हणून फोटो आले. सयांनी काही दाबलं नव्हतं. ते आपोआपच आले होते.

"तुला तेव्हाच कळलं? दुकानात?"

"हो."

"आणि मी त्याला शिव्या देत होते, ते ऐकत बसलीस?"

"हो."

सयागदॉंनी आपल्या पायांकडे बघितलं. चौकीवर उभं राहून टाचांना भेगा पडल्या होत्या.

"मला हे सांगायला का आलीस? तुला हलकं वाटावं म्हणून?"

सयागदॉंनी आत, भिंतीवरच्या फोटोकडे, बोट केलं.

"त्याच्यावर राग होता ते बरं होतं. मेलेल्या माणसावर रागवता येतं, तो काही उलट बोलत नाही. आता काय करू? तुझ्यावर रागवू? तू रोज बाजारात दिसणार. आणि मी? मी त्या दिवशी म्हटलं, काढा. एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा काय म्हटलं माहितीये? म्हटलं, शाळेतला तो दोन वेण्यांचा आहे का त्यात? आहे म्हणाले. म्हटलं, संध्याकाळी दाखवा मला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "जा आता. पातेल्यातलं घेऊन जा हवं तर. पण जा."

ती गेली. काही न घेता.

त्यानंतर सहा महिने सयागदॉ तिच्याशी बोलल्या नाहीत. बाजारात समोर आल्या तर रस्ता बदलत नसत, नुसत्या पुढे जात, जणू ती तिथे नव्हतीच. गावाला कारण कळलं नाही. सयागदॉंनी कुणाला सांगितलं नव्हतं. यिन मारला वाटे, सांगितलं असतं तर बरं. दुकानात कुणी येणं बंद झालं असतं. पण लोक येत राहिले. टायरवाल्याची सून आली आणि तिने हिरव्या दोऱ्याचं कार्ड मागितलं. यिन मारने तिलाही खरं सांगितलं. ती तिथेच, स्टँडवर, खाली बसली. ओरडली नाही. पानवाली येऊन तिला उठवून घेऊन गेली. अशा एकेकाला सांगावं लागलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं जाऊ दे, जीव वाचले. एकाने काउंटरवरची काच फोडली. ती तिने बदलली नाही, कागदाची पट्टी चिकटवली.

कार्डं ठेवणं तिने बंद केलं. कुणी विचारलं तर स्पष्ट सांगायची, "उतरवून देते, ठेवायचं तुमचं तुम्ही. माझ्या घरात काही राहणार नाही." फोन पुसायची तेव्हा मात्र आता घाई करत नसे. भोंगा वाजू दे नाहीतर बस जाऊ दे. खातं काढायची, परत बघायची, फोन बंद करून चालू करायची, शेजारच्या चहावाल्याच्या चांगल्या लाइनवर नेऊन जोडायची, पाच मिनिटं वाट बघायची. काही येतं का. को न्यान टुन करवादायचा, "आंटी, तुमच्यापायी माझी बस रोज उशिरा."

"होऊ दे उशिरा."

पावसाळा संपत आला तेव्हा एका सकाळी सयागदॉ दुकानासमोर उभ्या राहिल्या. हातात गाठोडं, पायात नव्या चपला. कुठे निघाल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि यिन मारने विचारलं नाही. पण मंडालेच्या पुढची, जंगलाची वाट धरलेल्या माणसाचं गाठोडं वेगळं बांधलेलं असतं. त्यात घोंगडी होती, लहान मुलांचं तापाचं औषध होतं, आणि जखमेवर बांधायच्या पांढऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा कपड्यांत दडवूनही टोकाने दिसत होता. तो यिन मारने हाताने आत सारला आणि गाठ घट्ट केली. "हे पट्ट्यांचं वर नको," एवढंच म्हणाली. "औषध राहू दे. नातवंडाकडे चाललेय म्हणा."

सयागदॉंनी काउंटरवर फोन ठेवला. सयांचाच.

"कुणीतरी मला शिकवला वापरायला," त्या म्हणाल्या. "त्यात दोन निरोप आहेत हनिन सीचे. ऐकून झालेत. धुऊन दे."

"उतरवून घ्यायचे?"

"नको."

यिन मारने फोन घेतला. आधी खातं काढलं आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. "बघा. खातं नाही." मग पुसला. चालू केला. परत दाखवला. "बघा." चहावाल्याच्या लाइनवर जोडला, आणि दोघी त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसल्या, पाच मिनिटं, सात मिनिटं. काही आलं नाही. मग तिने सामान भरलं: पॅगोडा, प्रवचनं, नातवंडाकडे निघालेल्या बाईच्या फोनात जे असेल ते. एक हललेला फोटो हवा होता म्हणून तिने दुकानातूनच सयागदॉंच्या नव्या चपलांचा काढला.

बस सुटली. को न्यान टुनला तिने बाजूला घेऊन सांगितलं होतं, चौकीवर त्यांच्या मागेच उभा राहा. तो काय करणार होता मागे उभा राहून, ते दोघांनाही माहीत होतं. तरी तो "हो" म्हणाला.

त्या दिवशी तिने दुसरं काम घेतलं नाही. लोक आले, त्यांना म्हणाली उद्या या. दुपारी पानवालीने भात आणून ठेवला, तो तसाच राहिला. संध्याकाळची बस लागली तेव्हा ती आधीच रस्त्यावर उभी होती.

को न्यान टुन उतरला, पाठ ताणली, तिच्याकडे आला.

"दोन्ही चौक्या पार. फोन बघितला, औषध बघितलं, चपलांचा फोटो बघून एकजण हसला. मंडालेला न्यायला माणूस आला होता, त्याच्याबरोबर गेल्या."

"काही म्हणाल्या?"

"मी विचारलं त्यांना. यिन मारला काही निरोप आहे का म्हणून."

"मग?"

को न्यान टुनने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. त्याला बहुधा काहीतरी गोड बनवून सांगायचं होतं, पण त्याला ते जमलं नाही.

"नाही म्हणाल्या."

यिन मारने मान हलवली. दुकानात परत गेली, भाताचं झाकण काढलं आणि उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. गार झाला होता. सकाळपासून थांबलेली एक मुलगी अजून स्टुलावर बसून होती, फोन दोन्ही हातांत धरून.

"आण," यिन मार म्हणाली. "पासवर्ड पाठ आहे ना?"